ज्ञानेश्वरी मराठीतच आहे, मग अर्थासाठी वेगळं पुस्तक कशाला?

लागतं, आणि पहिल्यांदा वाचत असाल तर ओवी आणि खाली अर्थ असलेली 'सार्थ' प्रतच घ्या, नुसता गद्य अनुवाद नको. ती 1290 ची मराठी आहे हो, सातशे वर्षांत शब्द तर गेलेच पण त्याहून जास्त घोळ राहिलेल्या शब्दांचा होतो. म्हणजे 'अवधारिजो' समोर आलं की कळतं की हे माहीत नाही, आपण अर्थ बघतो (ऐकावं, लक्ष द्यावं), पण 'माझा मराठाचि बोलु कौतुकें' वाचलं की वाटतं कळलं, आणि आपण आजचं 'कौतुक' म्हणजे शाबासकी धरून पुढे जातो, तर तिथे लीलेने, सहज गंमतीने अशी छटा आहे. प्रत्ययांचंही तेच, 'अमृतातेंही' म्हणजे अमृतालाही, एवढं एक 'तें' डोक्यात बसलं की अर्ध्या ओव्या सुटायला लागतात खरं तर. सोनोपंत दांडेकरांची सार्थ प्रत अजून सहज मिळते, तिचं गद्य आज थोडं जुनं वाटेल पण मूळ डोळ्यासमोर राहतं ना.

फक्त एक, अर्थ कुणाचाही घ्या, ओवीची लय त्यात येत नाही. तीन चरण यमकात आणि चौथा आखूड, तो झटका गद्यात कुठून येणार, म्हणून आधी ओवी मोठ्याने वाचा, मग खाली बघा. आणि सुरुवात बाराव्या अध्यायापासून केली तरी चालेल, तो छोट्या अध्यायांपैकी एक आहे.