दीड तासाची आंघोळ आणि चहाची खोली

"मॅडम, सासूबाईंना शुगर आहे. माझ्यामुळे त्यांना झालं तर घरात तोंड कसं दाखवू?"

कोविडच्या पहिल्या लाटेत, २०२० च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, समुपदेशनासाठी येणाऱ्या रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांकडून हा प्रश्न शब्द बदलून सारखा यायचा. विचारणारी कधी स्टाफ नर्स असायची, कधी आया, कधी लॅब टेक्निशियन. खालची केस अशा अनेकींची मिळून एक केली आहे, कुणी ओळखू येऊ नये म्हणून. तिला नुसतं सिस्टर म्हणू.

वय चौतीस, कोविड वॉर्डात ड्युटी. घरी नवरा, सात वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. सुरुवातीला ड्युटीनंतर विलगीकरणासाठी बाहेर खोली मिळायची. पुढे ती सोय बंद झाली आणि सिस्टर रोज घरी येऊ लागल्या. रुग्णालयात आंघोळ केलेली असली तरी घरी पुन्हा दीड तास आंघोळ, बादलीत झाकणभर नव्हे तर अर्धी बाटली अँटिसेप्टिक. दुधाच्या पिशव्या साबणाने दोनदा धुवायच्या, भाजी सोड्याच्या पाण्यात, नवऱ्याने दाराची कडी पुसली की नाही याची तीन वेळा चौकशी. मुलाला जवळ घ्यायचं नाही. झोपायचं हॉलमध्ये, तेही दर दोन तासांनी उठून ऑक्सिमीटर लावत. वॉर्डातली एक सहकारी पॉझिटिव्ह आली त्या आठवड्यात तर झोपच उडाली.

अशा वेळी "काही होणार नाही, काळजी करू नका" म्हणणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात निरुपयोगी. सिस्टर रोज समोर माणसं दगावताना बघत होत्या. "तुम्ही तर योद्धा" हेही तसंच. योद्ध्याला भीती वाटते असं म्हणायची सोय राहत नाही. (मार्चमध्ये थाळ्या वाजवणाऱ्या काही सोसायट्यांनीच पुढे नर्सेसना खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या, हे त्या विसरल्या नव्हत्या.)

म्हणून आधी त्यांच्याकडून अख्ख्या दिवसाचा तासवार हिशेब लिहून घेतला. कागदावर दोन रकाने: कुठे भीती जास्त वाटते, आणि त्या वेळी तोंडावर मास्क असतो का. घरातल्या प्रत्येक ओळीसमोर भीती दहापैकी आठ-नऊ. एका ओळीसमोर मात्र फक्त दोन: "ड्युटी संपल्यावर चेंजिंग रूममध्ये चहा आणि डबा." सहा तास पीपीईत (संसर्गापासून वाचवणाऱ्या अंगभर पोशाखात) पाणी नाही, लघवी नाही. बाहेर आल्यावर पाच जणी दहा बाय दहाच्या, खिडकी बंद असलेल्या खोलीत मास्क काढून गुडघ्याला गुडघा लावून बसायच्या. अर्धा तास गप्पा. पेशंटची भीती वाटते, मैत्रिणीची वाटत नाही, हे अगदी माणसासारखं आहे. पण कोविड मुख्यतः श्वासातून पसरतो, आणि लक्षणं दिसण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासून माणूस इतरांना देऊ शकतो. कर्मचाऱ्यांमधल्या संसर्गाचा माग काढताना वॉर्डाइतकीच जेवणाची आणि विश्रांतीची खोली पुढे यायची, ती यामुळे. दुधाच्या पिशवीवरून होण्याची शक्यता त्या मानाने फारच थोडी.

इथे समुपदेशनाची दिशा ठरली. भीती घालवायची नव्हती, जिथे खरा धोका आहे तिथे न्यायची होती.

तांत्रिक भाग समुपदेशकाने आपल्या अकलेने सांगू नये. रुग्णालयात संसर्ग नियंत्रणाचं काम बघणाऱ्या दुसऱ्या एका नर्सना बोलावून घेतलं. पीपीई उतरवताना काय चुकतं ते त्यांनी करून दाखवलं. थकलेला माणूस घाईत आधी गॉगल कपाळावर सरकवतो, मग त्याच ग्लोव्हजनी मास्क पुढून ओढतो. तसं करायचं नाही. आधी ग्लोव्हज, मग गाऊन आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत, मग गॉगल किंवा शिल्ड मागच्या पट्टीला धरून, आणि मास्क सगळ्यात शेवटी, पेशंटच्या खोलीबाहेर, पट्ट्यांनाच धरून. प्रत्येक टप्प्यानंतर हातांना सॅनिटायझर, २० ते ३० सेकंद. चेन लावलेला अंगभर सूट असेल तर गळ्याजवळ हात जातो, तिथे जोडीदारीण पायऱ्या मोठ्याने वाचत उभी हवी. एन-९५ घातल्यावर दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडायचा; डोळ्यांकडे हवा लागली तर नाकावरची पट्टी पुन्हा दाबायची. चहाला दोघी-दोघींनी जायचं, खिडकी उघडी, मध्ये दोन मीटर, घोट संपला की मास्क वर. मेट्रननी पाळ्या लावून दिल्या, नाहीतर हे एकट्या सिस्टरच्याने झालं नसतं.

आता आंघोळ. यात सगळ्यात जास्त वेळ गेला. धुतलं की दहा मिनिटं हायसं वाटतं, आणि मेंदू त्यातून शिकतो की धुतल्यामुळेच वाचलो. पुढच्या वेळी आणखी धुवावं लागतं. शिवाय हातांना भेगा पडल्या होत्या, सॅनिटायझर झोंबायचा, म्हणून वॉर्डात तो त्या नकळत कमी लावत होत्या. घरच्या धुण्याने कामावरची स्वच्छता बिघडवली, हे त्यांना स्वतःच्या भेगा दाखवून सांगितल्यावर पटलं. ठरलं असं: एकच आंघोळ, साध्या साबणाने, कपडे थेट डिटर्जंटच्या बादलीत, अँटिसेप्टिक बंद, रात्री हातांना व्हॅसलीन. वेळ एकदम तोडायची नाही. पहिल्या आठवड्यात नव्वद मिनिटांवरून साठ, मग चाळीस, मग वीस, मोबाइलवर टायमर लावून. टायमर वाजल्यावर जी तगमग होते ती काही न करता सोसायची. ती तासाभरात आपोआप उतरते, पण हे अनुभवल्याशिवाय पटत नाही. नवऱ्यालाही एक काम दिलं. "मी नीट धुतलं ना?" असं विचारलं तर "हो गं" म्हणायचं नाही, "ठरल्याप्रमाणे झालं की बास" एवढंच. धीर देणारं प्रत्येक "हो" पुढचा प्रश्न जन्माला घालतं. पहिले चार दिवस नवऱ्याला हे निर्दयपणाचं वाटलं, आणि दोघांची भांडणंही झाली.

मुलासाठी रोज संध्याकाळी गॅलरीत वीस मिनिटं, दोघांच्या तोंडाला मास्क, पत्ते.

तिसऱ्या आठवड्यात सासूबाईंना ताप आला, टेस्ट पॉझिटिव्ह. सिस्टरनी फोनवर पहिलं वाक्य म्हटलं, "शेवटी मीच केलं." त्यांची स्वतःची टेस्ट निगेटिव्ह होती, पण त्या निगेटिव्ह रिपोर्टचा आधार मुद्दामच घेतला नाही. आरटी-पीसीआर चुकीने निगेटिव्ह येऊ शकते, आणि हे नर्सला सांगावं लागत नाही. त्याऐवजी कागदावर गोल काढायला सांगितला आणि त्यात जबाबदारीचे तुकडे करायला. अट एक: स्वतःचा तुकडा शेवटी. लक्षणं दिसायला २ ते १४ दिवस लागतात, म्हणून मागच्या चौदा दिवसांत घरात कोण आलं-गेलं ते आठवलं. नवऱ्याची दुकानातली गर्दी. शेजारणीकडच्या दहाव्याला सासूबाई स्वतः जाऊन आल्या होत्या. किराणा पोचवणारा मुलगा. सगळं भरल्यावर स्वतःसाठी पाचवा हिस्साही उरला नाही. संसर्ग कुणाकडून आला हे घरात बसून ठरवता येत नाही, पण "मीच केलं" हा मनातला शंभर टक्क्यांचा गोल खोटा आहे एवढं त्यांना दिसलं. त्यानंतर त्या कामाला लागल्या: सासूबाईंची वेगळी खोली, खिडकी उघडी, दिवसातून चार वेळा ऑक्सिजनची नोंद, ९४ च्या खाली गेला तर लगेच दवाखाना, साखर रोज तपासायची. सासूबाई घरीच बऱ्या झाल्या.

सगळ्यांना एवढ्यावर भागत नाही. धुण्या-पुसण्यात रोज तासाहून जास्त वेळ जात असेल आणि टायमर लावूनही महिनाभरात उतरत नसेल, तर तो मंत्रचळ (ओसीडी) हा आजार असू शकतो. मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं, त्यावर औषधं आहेत. दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, ड्युटीवर औषधाचे डोस चुकू लागलेत, किंवा मरणाचे विचार येतात, तर महिनाभर थांबू नये. शासनाची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.