‘अवांगार्द’ म्हणजे ‘आघाडीचे’ का?

प्रश्न असा आला आहे : सोव्हिएत काळातल्या ‘अवांगार्द’, म्हणजे रूढ वाट सोडून नवे प्रयोग करणाऱ्या, चित्रकारांना मराठीत ‘आघाडीचे चित्रकार’ म्हणावे का? आणि पुढच्या पिढीला ‘भूमिगत’ म्हटले तर चालेल का?

‘आघाडीचे’ नको. आजच्या मराठीत आघाडीचा म्हणजे नावाजलेला, मागणी असलेला. त्या अर्थाने तिथे आघाडीवर होते ते स्टालिनची भव्य चित्रे रंगवणारे. अवांगार्द चित्रकार मालेविचची चित्रे कोठारात पडून होती. अर्थ पार उलटा होतो.

मूळ फ्रेंच शब्द लष्करी आहे : मुख्य फौजेच्या पुढे चालणारी तुकडी. मराठ्यांच्या फौजेत तिला ‘बिनी’ म्हणत. पेशवाईतले विसाजी कृष्ण चिंचाळकर यांना बिनीवाले हे नाव पडले ते त्यावरूनच. इतका नेमका शब्द घरात असताना दुसरीकडे कशाला जायचे? ‘बिनीचे शिलेदार’ सत्कारांच्या भाषणांत झिजले आहेत खरे, पण बिनीतली फौज अजून ऐकू येते.

आणि इथे ती ऐकू यायलाच हवी. लेनिनने हाच शब्द पक्षासाठी वापरला होता : पक्ष ही कामगारवर्गाची बिनी. १९२०च्या सुमारास दुसरा अवांगार्द कलावंत ताटलिन आपल्या नियोजित मनोऱ्याची प्रतिकृती उभारत होता, मालेविच वितेब्स्क शहरात कला शिकवत होता. नव्या जगाचे रूप आपणच घडवणार, अशी त्यांची श्रद्धा होती. (ते स्वतःला बहुधा ‘डावे’ म्हणत, ‘रशियन अवांगार्द’ हे नाव नंतर रूढ झाले.) एका फौजेला दोन बिन्या चालल्या नाहीत. २३ एप्रिल १९३२च्या पक्षाच्या ठरावाने कलावंतांचे वेगवेगळे गट मोडून प्रत्येक कलेसाठी एकाच संघाची वाट मोकळी झाली.

आता ‘भूमिगत’. हा शब्द ऐकला की आपल्याला बेचाळीस आठवते, लपूनछपून वावरणारी माणसे आठवतात. त्या पुढच्या पिढीतला चित्रकार ऑस्कर राबिन आणि त्याचे सोबती लपले नव्हते. १५ सप्टेंबर १९७४ला त्यांनी मॉस्कोतल्या बेल्यायेवो भागातल्या मोकळ्या जागेत, भरदिवसा चित्रे मांडली. त्यांच्यावर बुलडोझर आणि पाण्याचे टँकर घातले गेले. अशांना भूमिगत म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

रशियनमध्ये ‘अनधिकृत’च्या जवळचा शब्द आहे, पण आपल्याकडे त्याला बेकायदा बांधकामाचा वास येतो. मी ‘बिगरसरकारी’ म्हणेन, आणि तेही माणसाला नव्हे, कलेला. त्याच पिढीतला चित्रकार इल्या कबाकोव्ह सरकारी प्रकाशनांसाठी मुलांच्या पुस्तकांची चित्रे काढून पोट भरत असे, आणि स्वतःची चित्रे माळ्यावरच्या स्टुडिओत मित्रांना दाखवत असे. माणूस एकच, बिगरसरकारी होती ती माळ्यावरची चित्रे.