डिग्री नाही, तर मुलगी कोण देणार?

बारावीचा निकाल लागला की पुढं काय, हे विचारायला माझ्याकडे येणाऱ्या पालकांच्या पिशवीत कुठल्या तरी कॉलेजचा फीचा कागद असतोच. वाळवा तालुक्यातून आलेल्या या जोडप्याकडे खासगी इंजिनिअरिंगचा होता. मुलगा सायन्सला जेमतेम पास. "अर्धा एकर काढू, पण डिग्री करू," वडील म्हणाले. आईंची काळजी वेगळी होती. "मॅडम, आयटीआयवाल्याला मुलगी कोण देणार?"

हा प्रश्न मी कधीच झटकत नाही. गावात सोयरीक जुळवताना शिक्षणाची चौकशी होते, ती भीती खरी आहे.

मी मुलाला विचारलं, "या महिन्यात हातानं काय काय केलंस?" बराच वेळ गप्प. मग हळूहळू निघालं: रात्रीची लाईट आल्यावर शेजारचे शेतकरी यालाच हाक मारतात. एकाच्या स्टार्टरची कॉइल जळालेली, दुसऱ्याच्या मोटारीला एक फेजच येत नव्हता. वडील बघतच राहिले. "मला वाटायचं, हा रात्रीचा उंडारतोय."

मग मी कागदावर वाट काढून दाखवली. इलेक्ट्रिशियन ट्रेड दोन वर्षांचा. सरकारी आयटीआयची फी त्या कॉलेजच्या फीपुढे काहीच नाही. पुढे अप्रेंटिसशिप. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना १९६१च्या कायद्यानं शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, आणि त्यांना दरमहा विद्यावेतन मिळतं. डिग्रीचं दारही बंद होत नाही. आयटीआय झाला की थेट दुसऱ्या वर्षाच्या डिप्लोमाला जाता येतं आणि डिप्लोमा झाला की थेट दुसऱ्या वर्षाच्या इंजिनिअरिंगला. आईंनी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

पगार सुरुवातीला थोडाच असेल, हेही सांगितलं. ते लपवलं तर पालक वर्षभरात माझ्यावर चिडतात, आणि ते बरोबरच असतं. खासगी आयटीआय बघायची वेळ आली, तर भिंतीवरचे नोकरी लागलेल्यांचे फोटो बघू नका, वर्कशॉपात शिरा. मोटारी खोललेल्या, मुलांचे हात ग्रीसनं काळे झालेले दिसले तर बसून बोला. यंत्रांवर धूळ असेल तर तिथूनच परत फिरा.

मुलगा आता एका फाउंड्रीत अप्रेंटिस आहे. अर्धा एकर जागेवर आहे, यंदा त्यात ऊस उभा आहे. मागच्या महिन्यात आईंचा फोन आला. लग्नाचा विषय निघाला नाही. डिप्लोमाचे फॉर्म कधी सुटतात आणि गणिताची शिकवणी लावावी का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.