सेफ्टी सर्व्हेत ४.३ आले, पण कोणाचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कर्मचाऱ्यांच्या सेफ्टी सर्व्हेत ५ पैकी ४.३ सरासरी आली, वर्षभरात दुखापतीही कमी झाल्या, मग प्लांट भरवशाचा आहे हे दाखवायला एवढं पुरेल का?

नाही पुरणार. सरासरी बाजूला ठेवा आणि गट वेगळे काढा: मॅनेजर, सुपरवायझर, ऑपरेटर, मेंटेनन्स, कंत्राटी कामगार. ऑफिसवाले ४.७ देतात, मेंटेनन्सवाले ३.१, आणि ऑफिसवाले संख्येने जास्त असले की आकडा देखणा दिसतो. व्हॉल्व्ह मात्र ३.१ वाल्यांच्या हातात असतात.

बीपी या तेल कंपनीच्या अमेरिकेतल्या टेक्सास सिटी रिफायनरीत २३ मार्च २००५ ला स्फोट होऊन १५ जण गेले. नंतर सुरक्षेचा आढावा घ्यायला नेमलेल्या बेकर समितीने कंपनीच्या अमेरिकेतल्या ५ रिफायनऱ्यांत सर्व्हे घेतला, तेव्हा व्यवस्थापनाला दिसणारं चित्र ऑपरेटर आणि मेंटेनन्सवाल्यांपेक्षा बरंच गुलाबी निघालं. त्याहून बोचणारी गोष्ट म्हणजे, स्फोटाआधीच एका सल्लागार संस्थेच्या पाहणीत तिथल्या लोकांनी जिवाची भीती बोलून दाखवली होती आणि तो अहवाल जानेवारीतच आला होता. दुखापतींचा दर तेव्हाही चांगलाच दिसत होता. तो दर घसरून पडणं, बोट चेपणं मोजतो. बायपास करून ठेवलेला इंटरलॉक, म्हणजे धोका दिसताच यंत्र आपोआप थांबवणारी सोय, त्यात कधीच दिसत नाही.

आता तुमची प्रश्नावली. ‘आमच्याकडे सुरक्षेला पहिलं प्राधान्य आहे’ या वाक्याला नाही कोण म्हणणार? तेही साहेबांच्या मेलवरून आलेल्या लिंकवर! त्याऐवजी विचारा: ‘परमिट (कामाची लेखी परवानगी) अपुरं आहे म्हणून काम थांबवलं, तर तुमचा सुपरवायझर काय करतो?’ किंवा ‘गेल्या तीन महिन्यांत तुमच्या शिफ्टला अलार्म बंद ठेवून युनिट चालवलेलं पाहिलंत का?’ संशोधक डोव्ह झोहर यांनी १९८० मध्ये ‘सेफ्टी क्लायमेट’ मोजला, तेव्हापासून या सर्व्हेंचा गाभा हाच आहे: इथे खरी किंमत कशाला आहे, याबद्दल कामगाराचा काय समज झालाय? ‘माहीत नाही’ असाही पर्याय द्या, आणि तो सरासरीत धरू नका, वेगळा मोजा.

नाव न विचारणं म्हणजे गुप्तता नव्हे. विभाग, वय, शिफ्ट आणि नोकरीची वर्षं एवढं भरलं की माणूस ओळखू येतो, आणि हे कामगारांना चांगलं कळतं. दहापेक्षा लहान गटाचे आकडे वेगळे दाखवू नका. जवळच्या गटात मिसळा.

पाइप आतून किती झिजलाय हे कोणताही सर्व्हे सांगणार नाही. म्हणून निकालाशेजारी मुदत उलटूनही न झालेल्या तपासण्या आणि विभागवार नियर मिस, म्हणजे थोडक्यात टळलेले अपघात, मांडा. गुण उत्तम आणि नियर मिस शून्य असा विभाग दिसला, तर मी पहिला तिथेच जाईन. इतकं निर्मळ काम कुठेच चालत नाही. लोक बोलत नसतील, ही शक्यता जास्त.

दर तिमाहीला सर्व्हे घेण्याचा तुमचा विचार मात्र सोडा. महिन्याभरात निकाल शिफ्टच्या मीटिंगमध्ये सांगा, लोकांनी दाखवलेल्या दोन-तीन गोष्टी दुरुस्त करा, आणि त्या झाल्याशिवाय पुढचा फॉर्म पाठवू नका.