जुन्या पद्मिनीच्या गंजलेल्या पत्र्याला घरीच वेल्डिंग करायचं आहे, काय काळजी घ्यावी?

तुमच्या प्रश्नातली परिस्थिती अशी: वडिलांची १९८२ ची प्रीमियर पद्मिनी, चटई उचलली की खालची जमीन दिसावी इतका सडलेला फ्लोअर, नवं घेतलेलं मिग मशीन (तार वितळवून गॅसच्या आडोशात वेल्ड करणारं) आणि चिपळूणच्या घरामागची पत्र्याची शेड. वेल्डिंग थोडंफार येतं, मग हे घरी करता येईल का, आणि दहा वर्षांचा मुलगा शेजारी उभा राहून बघतो ते चालेल का?

करता येईल. मीही माझी पद्मिनी अशीच घरी केली, एका दिवाळीपासून पुढच्या मिरगापर्यंत. मशीनच्या पुस्तकात जी काळजी सांगतात ती बहुतेक आर्क, म्हणजे वेल्ड करताना पेटणारी विजेची झगझगीत ठिणगी, चालू असतानाची असते. जुन्या गाडीचा अनुभव वेगळा आहे. इथे आर्क बंद झाल्यावरच्या तासांत जास्त घात होतो.

माझंच सांगतो. डाव्या दाराखालची पोकळ पेटी बंद करत होतो. साडेचारला काम थांबवलं, पत्रा निवला, शेडला कडी लावली. रात्री साडेनऊला जेवताना जळका वास आला. शेडमध्ये गेलो तर ज्वाळा नाही, धूर बेताचा, पण पेटीवर हात ठेवला तर चटका बसला. आत उंदरानं कधीतरी घरटं केलं होतं, चिंध्या आणि सीटमधला काथ्या. एक ठिणगी आत गेली आणि ते पाच तास धुमसत राहिलं. पाणी जाण्याची भोकं मोकळी होती म्हणून त्यांतून नळी घालून विझवता आलं. घरात सगळे झोपलेले असते तर काय झालं असतं, हा विचार आजही मनातून जात नाही.

म्हणून पहिलं काम पत्र्याच्या मागे बघायचं. जिथे टॅक (वेल्डचा छोटा टाका) मारणार त्याच्या दुसऱ्या बाजूला काय आहे ते हातानं चाचपा, हात जात नसेल तर मोबाइलचा कॅमेरा आत घाला. चटया, त्यांच्याखालचा नमदा, सीट, दारांचे पुठ्ठे सगळं शेडच्या बाहेर. खालून मारलेलं डांबरी कोटिंग वेल्डच्या दोन्ही बाजूंनी वीतभर तरी खरवडून काढा, ते वितळून ठिबकतं आणि ठिबकतानाच पेटतं. पोकळ पेटीत हवेचा जोरदार फवारा मारून कचरा काढा, मग पाणी सोडून आतून भिजवा. पेटीचं पाणी निथळू द्या आणि जमीन कोरडी झाल्यावरच मशीन चालू करा. पाण्याची भरलेली बादली आणि पावडरचं अग्निशामक हाताशी असू द्या. गाडीखाली किंवा गाडीच्या आत काम करत असाल तेव्हा एक मोठं माणूस बाहेर उभं हवंच, कारण हेल्मेटमधून तुम्हाला फक्त आर्क दिसतो, पायाशी लागलेली आग दिसत नाही. काम संपल्यावर मी तासभर तिथेच हत्यारं पुसत बसतो, प्रत्येक पेटीला उघडा हात लावून बघतो आणि झोपण्याआधी पुन्हा एक फेरी मारतो.

पेट्रोलच्या टाकीबद्दल कुणाचंही ऐकू नका. "रिकामी आहे, काही होत नाही" हे वाक्य मी गॅरेजांत अनेकदा ऐकलंय आणि ते अगदी उलटं आहे. भरलेल्या टाकीत वाफेला जागा कमी असते. रिकाम्या टाकीत मात्र वाफ आणि हवा मिसळून बसलेली असतात, आणि हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ठिणगी पुरते. साबणाच्या पाण्यानं धुऊनही भरवसा नाही, कारण सांध्यांत आणि गंजाच्या पापुद्र्यांत पेट्रोल मुरलेलं असतं आणि उष्णता लागली की पुन्हा वाफ सोडतं. टाकी उतरवा, तोंड बंद करा, शेडपासून लांब ठेवा. टाकीलाच भोक असेल तर ती घरी वेल्ड करू नका, दुसरी शोधा किंवा नवी बनवून घ्या. पेट्रोलची नळी फ्लोअरखालून पुढे पंपाकडे जाते, तीही काढा. ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि खड्ड्यात साठून राहते. बॅटरीही बाहेर काढा, नुसती वायर सोडून भागत नाही, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो.

आता जे मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते. तेल-ग्रीस पुसायला ब्रेक क्लीनरचा स्प्रे वापरायची सवय असते. त्यातल्या काही डब्यांत क्लोरीन असलेली द्रावणं असतात. कारखान्यांत पत्रा साफ करायला वापरतात ते ट्रायक्लोरोइथिलीनही त्याच जातीचं. याचा ओलावा किंवा वाफ आर्कच्या उष्णतेत आणि अतिनील किरणांत सापडली की फॉस्जीन तयार होऊ शकतो. हा वायू पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरला होता. वास नुकत्याच कापलेल्या गवतासारखा, पण तो येईलच असं नाही. घशात थोडी खवखव होते, माणूस घरी जातो, जेवतो, आणि कित्येक तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसात पाणी भरायला लागतं. थोडी मात्राही जीव घेऊ शकते. डब्यावर "क्लोरो" या अक्षरांचं काहीही दिसलं तर तो डबा शेडमध्येच आणू नका. मी पत्रा वायर ब्रशनं घासतो, साबणाच्या गरम पाण्यानं धुतो आणि उन्हात पूर्ण वाळवतो. तरीही कधी शंका आली तर बरं वाटतंय म्हणून थांबू नका. १०८ ला फोन करून दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना कुठलं केमिकल होतं ते नावासकट सांगा.

नवा पत्रा जस्ताचा म्हणजे जीआय घेतला असेल तर कडेचं जस्त घासून काढा. त्याच्या पांढऱ्या धुरानं काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येतं. तो बहुधा एका दिवसात उतरतो, म्हणून लोक मनावर घेत नाहीत. वेल्डिंगवाल्यांत दूध पिण्याची आणि गूळ खाण्याची पद्धत आहे. दूध आणि गूळ पोटात जातात, धूर फुप्फुसात जातो, दोघांची गाठ पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकला, साध्या लोखंडाच्या वेल्डिंगचा धूरही त्यात आला. तोंडाला रुमाल बांधून हा धूर अडत नाही, निदान एन-९५ मास्क हवा, आणि तोही हेल्मेटच्या आत नीट बसणारा. जुना रंग घासतानाही तोच मास्क लावा, त्या काळच्या रंगांत शिसं असू शकतं. ते कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका.

पंख्याचा वारा थेट वेल्डवर आला की मिगचा गॅस उडतो आणि टाका फुगतो, म्हणून लोक दारं लावून घेतात आणि सगळा धूर स्वतःच घेतात. दारं उघडी ठेवा आणि पंखा तुमच्या मागे न लावता धूर बाहेर ओढेल असा समोरच्या दारात लावा. सीओटूचा सिलिंडर उभा, साखळीनं बांधलेला.

विजेचं थोडक्यात. मशीनला स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट, चांगलं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच. अर्थचा क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ, घासलेल्या पत्र्यावर. तुमच्याकडे जूनपासून जमीन ओली आणि अंग घामानं भिजलेलं असतं, तेव्हा पावसाळ्यात हे काम बंदच ठेवा. कपडे जाड सुती, टेरिकॉट नको, ते अंगाला चिकटून जळतं.

गाडी विटांवर किंवा नुसत्या जॅकवर उचलून खाली झोपू नका, लोखंडी घोड्याच हव्यात. त्याही सडलेल्या पत्र्याखाली नकोत, धड भागाखाली लावा. पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते. दाराखालची पेटी कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा-तिरपा अँगल टॅक करून घ्या, नाहीतर गाडी मधे वाकते आणि नवा पत्रा लागल्यावर दारंच बसत नाहीत. हा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा, म्हणून एक टाका इकडे, एक तिकडे, मधे निवू द्यायचा. मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा जिथे बॉडीला धरलेल्या असतात आणि पुढचं सस्पेन्शन जिथे बसतं, ते भाग मात्र मी स्वतः केले नाहीत, जाणत्या डेंटरकडून करून घेतले. तुम्हीही तेच करा. तिथला कच्चा टाका घाटात सुटेल, शेडमध्ये नाही.

मुलाबद्दल. आर्क चालू असताना त्यानं तिथे असू नये, दाराबाहेरूनही बघू नये. किरणांनी डोळ्यांचा वरचा पडदा भाजतो आणि ते तेव्हा कळतच नाही. मध्यरात्री डोळ्यांत वाळू टोचल्यासारखी आग सुरू होते. तसं झालंच तर बटाट्याच्या चकत्या आणि दुधाचे थेंब यांच्या नादी न लागता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, आणि बधिर करणारे थेंब घरी आणून वापरू नका, त्यानं जखम भरत नाही. तुमच्या हेल्मेटला या कामासाठी १० नंबरची काच, शेजाऱ्यांच्या बाजूला जाड ताडपत्रीचा आडोसा.

पण त्याला घरात बसवूनही ठेवू नका. मशीन बंद असताना फ्लोअरच्या भोकावर पुठ्ठा ठेवून, पेन्सिलीनं कड उतरवून, कात्रीनं नमुना कापायचं काम त्याला द्या. माझे सगळे नमुने माझ्या मुलीनं कापले होते. दोन-तीनदा चुकतं, चौथ्यांदा बरोबर बसतं, आणि तोच पुठ्ठा पत्र्यावर ठेवून तुम्ही कापायचं.