नाइट शिफ्टला रुजू होतेयस ना, मग हे ऐक

कॉल सेंटरमध्ये अमेरिकन प्रोसेस, म्हणजे अमेरिकेतल्या ग्राहकांचे कॉल घ्यायचं काम, मिळालंय, तेव्हा तुझी रात्र न्यूयॉर्कच्या घड्याळावर चालणार. उन्हाळ्यात तिकडचे सकाळचे ९ म्हणजे आपले संध्याकाळचे ६.३०, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडचं घड्याळ तासभर मागे गेलं की ७.३०. जेमतेम बसलेली झोपेची घडी त्या आठवड्यात विस्कटते, जपून राहा.

झोपेचं मात्र मनावर घेच. सकाळी घरी आलीस की मोबाइल बाजूला ठेव, खिडकीला जाड पडदा लाव आणि घरात स्पष्ट सांग, दुपारी पाहुणे आले तरी मला उठवायचं नाही. आईला हे पटायला वेळ लागतो. रात्री दोननंतर चहा-कॉफी बंद. तीन-चारच्या सुमारास डोळे मिटायला लागतात, आवाज पडतो, आणि कॉलवरच्या माणसाला ते लगेच कळतं. ब्रेक घे, तोंडावर पाणी मार, थोडं चाल. डबा घरचाच ने.

कॅबच्या बाबतीत भीड बाळगू नकोस. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री ९.३० ते सकाळी ७ या वेळेत बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, आणि घराच्या दारापर्यंत गाडी देणं ही मालकाची जबाबदारी असते. ड्रायव्हर 'मॅडम, कोपऱ्यावर उतरा' म्हणाला तरी उतरायचं नाही.

पगार बरा असतो, इंग्रजी बोलणं सफाईदार होतं, बँकेची कामं दिवसा उरकतात. पण लग्नकार्यं, सणवार हुकतात, ते मनाला लागतं. आणि नाइट अलाउन्स फक्त हजेरीच्या दिवसांचा मिळतो का, हे सही करण्याआधीच एचआरला विचार.