अल्पदृष्टी आणि वेबसाइट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या तालुक्यातील एका सहकारी पतसंस्थेची वेबसाइट मी तयार करत आहे. स्क्रीन रीडरने (स्क्रीनवरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने) ती पूर्ण वाचली जाते, याची मी खात्री करून घेतली आहे. मात्र संचालक मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांना काचबिंदू आहे. ते स्क्रीन रीडर वापरत नाहीत, डोळ्यांनीच वाचतात, आणि त्यांना अर्ज भरताना फार त्रास होतो. पानाच्या वर अक्षरे लहान-मोठी करण्याची बटणे दिली आहेत, तरीही अडचण आहे. अशा खातेदारांसाठी वेगळी आवृत्ती करावी का?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : वेगळी आवृत्ती करू नये. दोन आवृत्त्यांपैकी एक नेहमी मागे पडते. मूळ पानावर ठेवींचे नवे व्याजदर झळकतात आणि दुसऱ्या पानावर जुनेच राहतात. शिवाय ती आवृत्ती शोधण्यासाठी आधी मूळ पानच वाचावे लागते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार, चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी 6/18 पेक्षा कमी (म्हणजे निरोगी डोळा 18 मीटरवरून वाचतो ते 6 मीटरवरूनही न वाचता येणे) आणि 3/60 पर्यंत असेल, किंवा दृष्टिक्षेत्र 40 अंशांपेक्षा कमी आणि 10 अंशांपर्यंत असेल, तर ती अल्पदृष्टी होय. या व्याख्येत बसणाऱ्या माणसांच्या गरजा मात्र एकमेकींच्या उलट असू शकतात. दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजलेल्या व्यक्तीला अक्षर खूप मोठे लागते. काचबिंदूमध्ये कडेची नजर आधी जाते, त्यामुळे अक्षर अवाजवी मोठे केले तर उरलेल्या अरुंद क्षेत्रात एका वेळी दोन-चारच अक्षरे मावतात. मोतीबिंदू असलेल्यांना पांढऱ्या पार्श्वभूमीची तिरीप सहन होत नाही. या सर्वांना मानवेल असे एकच रूप आपण ठरवू शकत नाही. प्रत्येकाने आपल्या फोनवर किंवा ब्राउझरवर केलेली मांडणी आपली साइट निमूटपणे स्वीकारेल, एवढे मात्र आपण नक्की करू शकतो, आणि माझ्या मते खरे काम तेच आहे. वरची बटणे अक्षर एक-दोन पायऱ्यांनीच वाढवतात आणि तेही केवळ आपल्याच साइटवर. ज्याला खरोखर मोठे अक्षर हवे असते, त्याने ते आपल्या उपकरणावर आधीच मोठे केलेले असते.

म्हणून प्रथम कोडमधील व्ह्यूपोर्टची, म्हणजे पान स्क्रीनवर किती रुंद आणि किती मोठे दिसावे हे ठरवणारी, ओळ तपासा. तिथे झूम बंद केलेला असेल किंवा कमाल प्रमाण 1 ठेवलेले असेल, तर ते काढून टाका. अक्षरांचा आकार पिक्सेलऐवजी रेममध्ये, म्हणजे वाचकाने ब्राउझरमध्ये ठरवलेल्या अक्षराच्या पटीत, द्या. नंतर संगणकावर 1280 पिक्सेल रुंदीच्या खिडकीत साइट उघडून झूम 400 टक्के करा. म्हणजे पानाला प्रत्यक्षात 320 पिक्सेल रुंदी उरते. अशा वेळी सर्व मजकूर एका स्तंभात यावा आणि वाचण्यासाठी आडवे सरकावे लागू नये, असे 2018 च्या डब्ल्यूसीएजी 2.1 या, वेबसाइट सर्वांना वापरता यावी यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात म्हटले आहे. प्रत्येक ओळीसाठी उजवीकडे जायचे, परत डावीकडे यायचे आणि पुढची ओळ शोधायची, यात अरुंद नजरेच्या माणसाची जागा वारंवार चुकते आणि वाक्याचा अर्थ हातून निसटतो. व्याजदरांच्या तक्त्याला या नियमातून सूट आहे, पण तो स्वतःच्या चौकटीतच सरकावा, संपूर्ण पान सरकू नये. याच चाचणीत वर चिकटून राहणारी संस्थेच्या नावाची पट्टीही पाहा. 400 टक्क्यांवर ती अनेकदा निम्मी स्क्रीन व्यापते.

आपल्या संचालकांची अडचण बहुधा अर्जाच्या रचनेत आहे. रकान्याचे नाव डाव्या टोकाला, रकाना उजवीकडे आणि चुकीची सूचना वरच्या कोपऱ्यात क्षणभर चमकून जाणारी, अशी मांडणी पूर्ण नजरेच्या माणसाला नीटनेटकी वाटते. ज्यांना एका वेळी स्क्रीनचा छोटासा भागच दिसतो, त्यांच्यापर्यंत ती सूचना पोहोचतच नाही. बटण दाबले तरी काहीच घडले नाही, असे त्यांना वाटते. नाव रकान्याच्या लगेच वर आणि चूक रकान्याच्या लगेच खाली लिहा, आणि ती दुरुस्त होईपर्यंत तिथेच राहू द्या.

रंगांबाबत नियम असा की, साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी तेजोविरोध, म्हणजे दोहोंच्या उजळपणाचे प्रमाण, किमान 4.5 : 1 असावा आणि मोठ्या अक्षरांसाठी 3 : 1 चालतो. आपल्याकडे आवडीने वापरला जाणारा झेंडूसारखा केशरी रंग (वेबवरील रंगसंकेत एफएफ9933) पांढऱ्यावर जेमतेम 2.1 : 1 भरतो, त्याच केशरीवर काळे अक्षर ठेवले, तर प्रमाण 10 च्या जवळ जाते. रकान्यांच्या कडांनाही किमान 3 : 1 हवे.

देवनागरीसाठी मी याहून थोडे कडक राहीन. अनुस्वार, रफार आणि उकार हे मूळ अक्षरापेक्षा बारीक असल्यामुळे सर्वांत आधी तेच दिसेनासे होतात, म्हणून मथळ्यांनाही 4.5 : 1 पाळावे आणि बारीक रेषेचा फॉन्ट मजकुरासाठी घेऊ नये. ओळींतील अंतर अक्षराच्या किमान दीडपट ठेवा आणि बटणांची उंची ठरावीक करू नका, अन्यथा अक्षर मोठे होताच वरची वेलांटी किंवा खालचा उकार कापला जातो. अक्षरांमधील अंतर मात्र वाढवू नका, कारण त्याने शिरोरेघ तुटते. वार्षिक सभेची नोटीस जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये करून तिचे चित्र साइटवर चढवण्याची पद्धत बंद करा. चित्र मोठे केले की अक्षरे फुटतात आणि ओळी नव्याने मांडल्या जात नाहीत. युनिकोड मजकूर, म्हणजे कोणत्याही उपकरणावर अक्षरे म्हणूनच उघडणारा मजकूर, द्या.

मंडळाला पटवताना कायद्याचा आधार घ्या. सेवा दिव्यांगांना वापरता येतील अशा द्याव्यात, असे सांगणारे याच अधिनियमाचे कलम 46 खासगी सेवादात्यांनाही लागू आहे, आणि 30 एप्रिल 2025 रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंतची पोहोच हा घटनेच्या कलम 21 मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. तरी कायद्याआधी त्या ज्येष्ठ सदस्यांनाच अर्ज भरायला बसवून सर्वांनी शेजारी बसून पाहावे, असे मी सुचवेन.

प्रश्न : मधुमेहामुळे वडिलांची नजर कमी झाली आहे. फोनवरचा ओटीपी वाचेपर्यंत वेळ संपते. काय करावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये स्क्रीनचा कोणताही भाग मोठा करून दाखवणारी सोय असते, अँड्रॉइडवर तिला मॅग्निफिकेशन आणि आयफोनवर झूम म्हणतात. ती चालू करून त्यांच्याकडून काही दिवस सराव करून घ्या, कारण मोठी केलेली स्क्रीन बोटाने सरकवण्याची सवय लागावी लागते. ओटीपी हाताने टाइप करण्याऐवजी सूचनेतूनच कॉपी करून चिकटवता येतो का, तेही पाहा. एखाद्या सेवेने चिकटवण्यास मनाई केली असेल, तर लेखी तक्रार करा. 2023 च्या डब्ल्यूसीएजी 2.2 नुसार लॉगिन करताना आकडे लक्षात ठेवण्याची किंवा उतरवून घेण्याची सक्ती, दुसरा मार्ग न देता, करता येत नाही. दृष्टिपटलाची नियमित तपासणी चालू ठेवा आणि नेत्रतज्ज्ञांकडे अल्पदृष्टी साधनांबद्दल स्वतंत्रपणे विचारा.